मारुतीअण्णांची ट्यूब

शिवऱ्याला हायवेच्या कडेला मारुतीअण्णांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली बाकडं, कोपऱ्यात कॉम्प्रेसर आणि समोर पाण्याचं भलंमोठं घमेलं. आडव्या तारेवर दुरुस्त केलेल्या ट्यूबा लटकत असतात. आणि त्या ट्यूबांच्या मधोमध, कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले, छातीचे एक्स-रे. सगळे एकाच छातीचे. ती छाती अण्णांची.

गाडी ढकलत घामाघूम होऊन आलेल्या माणसाला अण्णा आधी बाकड्यावर बसवतात, तारेवरचा पहिला एक्स-रे काढून उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "आधी माजं पंक्चर बगा. मंग तुमचं बगू." पुण्याहून महाबळेश्वरला निघालेलं कुटुंब, पोरं गाडीत रडतायत, आणि हा गृहस्थ त्यांना स्वतःचं फुप्फुस दाखवतोय. एखाददुसरा घाबरून तसाच बसक्या चाकावर पुढे गेल्याचं मी ऐकलं आहे. बाकीचे मुकाट बघतात, कारण पुढचं दुकान लांब आहे.

हे एक्स-रे मी काढलेले आहेत. मी संगीता. राहायला भोरला, आणि नसरापूरला एका दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रे काढायचं काम करते. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. दिवसभर लोकांना 'हलू नका' सांगायचं आणि त्यांनी हलायचं, यात कुणाचाही स्वभाव तापेल असं माझं म्हणणं आहे. तर या तापट बाईला सगळ्यात जास्त तापवलेला पेशंट म्हणजे मारुतीअण्णा. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा आधी राग आठवला, मग हसू आलं. तिसरंही काहीतरी आलं, ते पुढे सांगते.

अण्णा उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे. बोटांना रबराच्या सोल्युशनचा वास कायमचा. नाव मारुती, म्हणजे वाऱ्याचाच मुलगा, हे ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या घमेल्यात मावतं. "पान्यात घालून बगितलं का?" हा त्यांचा एकच सवाल. भाचीला बंगळूरच्या कंपनीतला मुलगा सांगून आला, तर अण्णांनी विचारलं, "पान्यात घालून बगितला का?" कुणी उमेदवार रस्त्याचं आश्वासन देऊन गेला की गावात चर्चा होते, अण्णा शांतपणे घमेल्याकडे बोट दाखवतात. जे पाण्यात घालून बुडबुडे येत नाहीत तेच खरं, बाकीच्या गोष्टी बोलण्यापुरत्या.

माणसांची हवासुद्धा ते हात न लावता सांगतात. "त्या मानसात हवा लई, उनात उभा करू नका." "पाटलाची हवा कमी हाय, पन व्हॉल्व चांगला." एकदा मी कुणावर तरी ओरडत असताना मला म्हणाले, "बाई, थोडी सोडा. टायर गरम झालाय." त्यानंतर मी आणखी ओरडले, पण दुसऱ्या कुणावर नाही, त्यांच्यावरच.

ते पहिल्यांदा आले ते कुणाच्या तरी टेम्पोतून, उजवी कूस धरून. "हितं सुई लागल्यावानी झालं आन् दम लागला," एवढंच बोलले. मी त्यांना स्टँडपुढे उभं केलं, हनुवटी वर ठेवली, खांदे पुढे घेतले आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "मोठा श्वास घ्या, धरून ठेवा."

"घेता आला आसता तर हितं आलो आसतो व्हय?" अण्णा म्हणाले.

जेवढा आला तेवढ्या श्वासावर मी फोटो काढला. समोर चित्र उमटलं आणि मी खुर्चीवरून उठले. चांगल्या छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या जागी नुसता काळोख नसतो. आत हवा असते म्हणून ते काळपट दिसतं खरं, पण त्या काळ्यात बारीक बारीक पांढऱ्या फांद्या पसरलेल्या असतात, थेट बरगड्यांपर्यंत. त्या रक्तवाहिन्या. अण्णांच्या डाव्या बाजूला फांद्या होत्या. उजव्या बाजूला त्या मध्येच संपल्या होत्या. संपल्या तिथे केसासारखी एक पांढरी रेघ होती, आणि रेघेच्या बाहेर बरगडीपर्यंत कोरा, स्वच्छ काळा रंग. ती रेघ म्हणजे फुप्फुसाची कड. फुप्फुस आकसून हृदयाशेजारी मुठीएवढं होऊन बसलं होतं आणि त्यातून गळलेली हवा बाहेरच्या जागेत कोंडली होती.

अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. बघू नका म्हटलं तरी बघणारच. म्हणाले, "उजवी बाजू तर झकास दिसती, काळीकुळकुळीत. डावीच मळकट हाय. कोळिष्टकं झालीत. तिचं कायतरी करा."

हा घोटाळा पुष्कळांचा होतो. स्वच्छ दिसते ती बाजू चांगली असं वाटतं. पण इतक्या ठामपणे माझ्या यंत्रासमोर उभं राहून चांगल्या फुप्फुसावर आरोप करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वरच्या मजल्यावरून डॉक्टर धावत आले. त्यांनी सांगितलं, "अण्णा, उजव्या फुप्फुसाला भोक पडलंय. हवा गळतेय."

"म्हंजी पंक्चर."

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले, आणि तिथे चुकले. त्या क्षणापासून ती केस त्यांच्या हातात राहिली नाही.

बरगड्यांमधून नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. छातीत कोंडलेली हवा नळीतून बाहेर येऊन पाण्यात बुडबुड करायला लागली. ते बघून अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी लग्नातल्या नवरदेवांच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही. "पान्यात घातलं की ओ," ते शेजारच्या पेशंटला म्हणाले. "ह्या डाक्टरला कळतंय."

मग वॉर्डात त्यांचं दुकानच सुरू झालं. कुणी भेटायला आलं की ते मुद्दाम खोकून दाखवायचे. खोकलं की बुडबुड्यांचा लोंढा यायचा. "बगा, भोक आजून चालू हाय," असं म्हणून ते समाधानानं उशीला टेकायचे. नर्सबाईंनी खोकू नका सांगितलं तर म्हणाले, "ट्यूब दाबल्याबिगर पंक्चर घावतं का?"

एका सकाळी त्यांची मान सुजली. गाल फुगले, डोळे बारीक झाले. हवा कातडीखाली शिरली होती. दाबलं की बोटाखाली कुरकुर वाजायचं. एक्स-रे काढला तर छातीच्या स्नायूंमधून काळ्या रेघा पसरलेल्या, भेगाळलेल्या जमिनीसारख्या. दिसायला भयंकर, पण डॉक्टर म्हणाले, नळी नीट चालली की ही आपोआप जिरेल. एवढं ऐकल्यावर अण्णा निर्धास्त झाले आणि आल्यागेल्याला गळा पुढे करू लागले. "दाबा, दाबा. कुरमुऱ्यावानी वाजतंय." एक म्हातारी बाई शेंगदाण्याची चटणी घेऊन भेटायला आली होती. तिनं दाबून बघितलं, डबा खाली ठेवला आणि देवाचं नाव घेत घरी गेली.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग अण्णा पळाले.

दुपारची वेळ. मी फाट्यावर चहा पिऊन परत येत होते. वरव्याकडे जाणारी वडापची जीप भरून उभी होती आणि खिडकीच्या जागेवर अण्णा बसले होते, शर्टाच्या आतून नळी आणि दोन पायांच्या मधे बाटली. शेजारची माणसं पाय आखडून, मान वाकवून बुडबुडे बघत होती. मी दार उघडलं. मला बघून अण्णा घाईनं म्हणाले, "बाटली खालीच ठिवलीय बाई. डाक्टरांनी सांगितलं तशीच."

"कुठं निघालात?"

"येक नेहमीचं गिऱ्हाईक हाय. वाट बगत आसंल. आत्ता जाऊन आत्ता आलो."

मी त्यांना तसंच उतरवलं आणि बाटली हातात धरून, रस्ताभर बोलत, परत आणलं. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी ते खाली मान घालून ऐकलं. ते काही उलट बोलले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

पुढे बुडबुडे थांबले. एक्स-रेमध्ये फांद्या बरगडीपर्यंत पोचल्या. नळी काढली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "जड उचलायचं नाही. विडीला हात लावायचा नाही. जखम ओली करायची नाही. आणि मुख्य म्हणजे फुंकायचं नाही. काहीही नाही. चूलसुद्धा नाही." अण्णा हसले. "ब्येस," म्हणाले. जाताना सगळे एक्स-रे मागून घेतले, आणि ते तारेवर चढले.

थोड्या दिवसांनी अण्णा पुन्हा माझ्या दारात. छाती जरा जड वाटते, पण काळजीचं काही नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. काळजीचं नाही हे कसं कळलं, तर म्हणे पाण्यात घालून बघितलं. काय घातलं, असं मी विचारलं.

"मला," अण्णा म्हणाले.

दुकानामागच्या गोठ्यात म्हशींना पाणी पाजायचा हौद आहे. अण्णा अर्धी चड्डी घालून त्या हौदात गळ्यापर्यंत बसले होते, नळीच्या जागेवर डोळे लावून. बराच वेळ बसले. सुरुवातीला बुडबुडे आले, पण ते चड्डीतल्या हवेचे निघाले. नंतर काही नाही. गोठ्याच्या मालकानं विचारलं, "अण्णा, काय करताय?" अण्णा म्हणाले, "चेकिंग." म्हशी तहानलेल्या उभ्या होत्या, पण अण्णांनी तपासणी पुरी झाल्यावरच हौद सोडला. जखम ओली, त्यात म्हशींचं पाणी. मी डोक्याला हात लावला आणि फोटो काढला.

केसासारखी रेघ पुन्हा दिसत होती. या वेळी बरगडीच्या जवळ, वरच्या अंगाला, पण होती. रेघेच्या बाहेर काळा कोरा पट्टा.

"बुडबुडा न्हाई आला," अण्णा म्हणाले. त्यांना एक्स-रेवर विश्वास बसेना.

मला राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून गिळला. म्हटलं, "अण्णा, ट्यूब फुटली आणि टायर धड असला, तर टायर पाण्यात घालून काय दिसणार? तुमची बरगडी म्हणजे टायर. त्याला भोक नाही. आतली ट्यूब गळतेय. ती हवा टायरच्या आणि ट्यूबच्या मधे अडकलीय. ही बघा, ही रेघ म्हणजे ट्यूब. आणि हे बाहेरचं काळं म्हणजे अडकलेली हवा."

अण्णा किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आसं आधी सांगायचं न्हाई व्हय? उगाच म्हशींची गैरसोय झाली."

डॉक्टरांनी त्यांना पुण्याला सीटी स्कॅनला पाठवलं. एक्स-रे म्हणजे समोरून काढलेला एक फोटो. सीटी म्हणजे भाकरवडीचे काप करावेत तशी छाती आडवी कापून एकेक चकती दाखवणारं यंत्र. त्या चकत्यांमध्ये खरं दुखणं सापडलं. फुप्फुसाच्या शेंड्यावर पातळ भिंतींचे काळे फुगे होते, लहानमोठे. जुन्या विड्यांची करणी. त्यातला एखादा जोर पडला की फुटायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी हवा जास्त साठली तर हृदयच पलीकडे ढकललं जाईल. तेव्हा शेजारी कुणी नसलं, तर एक्स-रे काढायला माणूस इथपर्यंत पोचायचा नाही. त्यांना समजाव. तुझं ऐकतील."

माझं अण्णा ऐकतात, ही बातमी मला नवीन होती. ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला. कारण विचारलं तर म्हणे दुकान बंद राहील. दुकान चालवायला भाऊबंद पाहू म्हटलं, तर म्हणे कुणाला जमणार नाही. आणि जोर कशानं पडला, काय उचललंत, काय केलंत, असं डॉक्टरांनी कितीदा विचारलं तरी एकच उत्तर, "टायर उचलला." कुठला टायर, कधी उचलला, ते प्रत्येक वेळी वेगळं.

शेवटी एका दुपारी मी स्कूटी काढली आणि शिवऱ्याला गेले. दुकानाला फळी लावलेली. ऐन दुपारी, तापलेल्या डांबरावर टायर फुटतात त्या वेळेला. बाहेर एक पिकअपवाला चाकाला लाथा मारत उभा होता. शेजारचा चहावाला म्हणाला, "अण्णा व्हय? ह्या टायमाला घरी आसत्यात. वरव्याला. रोजचंच हाय त्यांचं. गिऱ्हाईक मेलं तरी थांबत न्हाईत."

वरवे बुद्रुकला घर विचारत विचारत गेले. दार उघडंच होतं. आत खाटेवर एक बाई पडून होत्या, आणि खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून, गाल फुगवून, डोळे मिटून, मारुतीअण्णा फुंकत होते.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. असं फार क्वचित होतं. खाटेवर गादीच्या जागी स्कूटरच्या ट्यूबा होत्या, शेजारी शेजारी बांधलेल्या, वर मऊ गोधडी. त्यातल्या एकीचं तोंड अण्णांच्या तोंडात होतं. मला बघून त्यांनी ते बोटानं दाबून धरलं. हवा जाऊ नये म्हणून.

त्या हौसाकाकू. अण्णांची बायको. कडब्याच्या गंजीवरून पाठीवर पडल्या तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलेलं. एका जागी पडून पाठीला जखमा होतात, म्हणून तेव्हा कुणी तरी हवेची गादी सांगितली होती. विजेवर चालणारी ती गादी लाइट गेली की बसायची. अण्णांनी ती काढून टाकली आणि स्वतः बनवली. रोज दुपारी ते काही ट्यूबांतली हवा कमी करतात, काहींत भरतात, म्हणजे भार जागा बदलतो. इतक्या वर्षांत त्या बाईच्या पाठीला एक जखम नाही. हे मला अण्णांनी तिथेच सांगितलं, चोरी पकडल्यासारखं, जमिनीकडे बघत.

"पंप काय झाला?" मी विचारलं. "दुकानात कॉम्प्रेसर आहे, पायानं मारायचा पंप असेल. तोंडानं कशाला?"

"पंपाची हवा टनक बसती बाई. तिला टोचंल. तोंडानं फुकलं की कुटं थांबायचं त्ये बराबर कळतं."

"अण्णा, फुंकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला..."

"च्या टाकतो," असं म्हणून अण्णा उठले आणि आत गेले. जाताना त्यांनी काकूंच्या पाठीमागून मला खूण केली. गप्प राहा, अशी.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अख्ख्या हायवेला दाखवलेला एक्स-रे अण्णांनी या एका माणसाला दाखवला नव्हता. दवाखान्यात होते तेव्हा काकूंना सांगितलं होतं, टायर कंपनीनं ट्रेनिंगला बोलावलंय, असं मागाहून कळलं.

काकूंचे डोळे तरतरीत होते. "तू फोटोवाली बाई," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातली. मला म्हाईत हाय सगळं. शेजारच्या सूनबाईनं सांगितलंय. ट्रेनिंग म्हनं. ह्या वयात."

"मग तुम्ही त्यांना बोलला का नाही?"

"त्यांनी सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई." त्यांनी आतल्या खोलीकडे कान दिला. भांड्यांचा आवाज येत होता. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्ये न्हवते तवा सूनबाईनं पायाच्या पंपानं भरलं ह्ये सगळं. दोन मिंटात. पोरी, पंपाची हवा काय आन् तोंडाची काय, मला कमरंखाली कळतंय का? कायसुदिक न्हाई कळत."

"तुम्ही हे त्यांना कधी सांगितलं नाही?"

"न्हाई." त्यांनी गोधडीची कड सारखी केली. "पंपानं भरली तर दोन मिंटात दुकानात जातील. फुकत बसल्यात तवर हितं आसत्यात."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ती केसासारखी रेघ, ते फुगे, हृदय पलीकडे ढकललं जाईल ते, ऑपरेशनला नकार. आणि फुंकण्यानंच हे झालं असेल, तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा चढला नाही. काकू छताकडे बघत ऐकत होत्या. माझं बोलणं संपलं तरी त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, आपण उगाच सांगितलं.

अण्णा चहा घेऊन आले. काकूंच्या बशीत फुंकर घालायला त्यांनी तोंड पुढे केलं, माझ्याकडे बघितलं, आणि बशी नुसतीच हलवत बसले.

"आवो," काकू म्हणाल्या, "येक बोलू का? राग यील."

"बोल की."

"ती पंपाची हवाच बरी वाटती मला. सूनबाईनं भरलेली. तुमची लई मऊ पडती. कंबर दुकती माजी."

अण्णांच्या हातातली बशी थांबली. "कंबर दुकती?"

"व्हय."

"इतकी वर्सं बोलली न्हाईस."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

कमरेखालचं काही कळत नसलेल्या बाईची कंबर कशी दुखेल, हा विचार माझ्या डोक्यात लगेच आला. अण्णांच्याही आला असेल. ते बायकोच्या तोंडाकडे एकटक बघत राहिले, आणि ती त्यांच्याकडे न बघता चहा पीत राहिली. त्यांनी तिचं खरं मानलं की त्यांना सगळं कळलं, हे मी आजतागायत सांगू शकत नाही. मी मात्र चहा फार गरम आहे असं दाखवत बशीत बघत राहिले.

"बरं," अण्णा शेवटी म्हणाले. "मंग पंपच आनतो." आणि माझ्याकडे वळून, जणू मीच इतके दिवस नाही म्हणत होते अशा सुरात, "पुन्याला कवा जायाचं म्हनला व्हता तुमी?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, मीही सोबत गेले होते. फुगे कापून तिथे बारीक धातूच्या टाचण्या मारायच्या, आणि मग छातीची आतली बाजू घासून खरबरीत करायची, म्हणजे फुप्फुस तिला चिकटून बसेल आणि पुन्हा निखळणार नाही. अण्णांनी मान डोलावली. "घासल्याबिगर ठिगाळ चिकटतच न्हाई," ते म्हणाले. "सोल्युशन कंचं वापरता?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

अण्णा बरे झाले. शेवटचा एक्स-रे मीच काढला. फांद्या बरगडीपर्यंत, रेघ नाही, आणि वरच्या शेंड्याला टाचण्यांची बारीक पांढरी ओळ. तो तारेवर गेला नाही. अण्णा तो वरव्याला घेऊन गेले.

मागच्या महिन्यात मी दुपारची त्यांच्याकडे गेले होते. अण्णांनी पायाच्या पंपानं ट्यूबा भरल्या, खरोखर दोन मिनिटांत. मला वाटलं, आता दुकानाकडे निघतील. पण दवाखान्यातून त्यांना व्यायामाला एक प्लास्टिकचं यंत्र दिलंय, तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत गोटीसारखी एक रंगीत गोळी. तोंडानं हवा आत ओढायची, की गोळ्या एकेक करून वर जातात. अण्णा ते घेऊन खाटेशेजारी मांडी घालून बसले.

पहिल्यांदा म्हणे त्यांनी त्यात फुंकलं होतं. जन्माची सवय. काकू खेकसल्या होत्या, "आवो, वढायचं हाय, फुकायचं न्हाई." तेव्हापासून लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे. त्यांची मान एका बाजूला वळवून ठेवलेली असते, नजर गोळ्यांवर.

अण्णांनी ओढलं. पहिली गोळी वर गेली, दुसरी गेली, तिसरी थरथरली.

"तिसरी न्हाई गेली," काकू म्हणाल्या. "परत."

अण्णांनी दम खाल्ला आणि पुन्हा ओढलं. तिन्ही गोळ्या वर जाऊन टेकल्या.

"न्हाई गेली. परत."

"गेली व्हती की."

"मला न्हाई दिसली. परत वढा."

ती गेली होती. मी समोरच बसले होते, मला स्वच्छ दिसली होती. यंत्र अण्णांच्या हातात होतं, म्हणजे त्यांनाही दिसलीच असणार. त्यांनी मिशा पुसल्या, मांडी जरा सैल केली आणि नळी पुन्हा तोंडाला लावली.